लांब पल्ल्याची टाकी

काकूंना गाडी चालवायची जितकी हौस, तितकाच ती थांबवायचा कंटाळा. पण शाळेच्या बसवर होत्या तेव्हा दुसरं कामच नव्हतं. दर चौकात थांबा, दर थांब्यावर एक रडकं पोर आणि त्याची विसरलेली पाण्याची बाटली घेऊन धावत येणारी आई. अशी उमेदीची सगळी वर्षं गेली. मग शाळेने बसचं काम एका कंपनीला देऊन टाकलं आणि काकूंच्या हातात पुष्पगुच्छ देऊन त्यांना घरी पाठवलं.

घरी बसून काकूंनी पहिल्या आठवड्यात सगळी कपाटं आवरली आणि दुसऱ्या आठवड्यात आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. ते डोळ्याला भिंग लावून एखाद्या घड्याळाच्या पोटात चिमटा घालत, आणि नेमकं तेव्हाच आत कपाटाचं दार धाडकन आपटे. एक दिवस डोळ्याचं भिंग न काढताच ते म्हणाले, "अगं, काहीतरी चालव बाई. काहीही चालव. फक्त घर चालवायचं तेवढं सोड."

गावाबाहेर घोडेस्वारी शिकवायची एक शाळा होती. तिथल्या घोड्यांची ने-आण करणारा म्हातारा गुडघ्यांनी बेजार होऊन काम सोडत होता. त्याचा ट्रेलर काकूंनी घेतला. दोन घोडे शेजारी-शेजारी उभे राहतील एवढा, मागे उतरतं दार आणि बाजूला खिडक्या. तो ओढायला एक दणकट डिझेल पिकअप घेतली. ओळखीपाळखीचे लोक हसले. "पोरं संपली, आता घोडी?" काकू म्हणाल्या, "घोडी परवडली. दप्तर विसरत नाहीत."

काम त्यांना असं काही जमलं की वर्षभरात आजूबाजूच्या सगळ्या तबेल्यांमध्ये त्यांचाच नंबर भिंतीवर लिहिला गेला. ट्रेलरमधल्या घोड्याला पुढचा रस्ता दिसत नाही, त्याला फक्त हिसके कळतात, हे काकूंनी पहिल्याच खेपेत ओळखलं. त्या ब्रेक असा लावत की गाडी कधी थांबली ते घोड्याच्या ध्यानातही येऊ नये. वळणावर तर त्या गाडीशी अशा बोलत जशी एखादी आई झोपलेलं मूल कडेवर घेऊन जिना उतरताना स्वतःशी बोलते.

अडचण एकच होती. घोड्यांची शस्त्रक्रिया होईल असं रुग्णालय एकच, आणि ते माळरानाच्या पार पलीकडच्या टोकाला. सकाळी निघालं तर तिथे पोचेपर्यंत दिवस कलायचा. मध्ये झाड नाही, वस्ती नाही, निम्म्या वाटेवर एकुलता एक पेट्रोलपंप. पिकअप मोकळी असली तर एका टाकीत माळ सहज पार करायची. पण मागे ट्रेलर आणि ट्रेलरमध्ये घोडा आला की डिझेलचा काटा टाकीला भोक पडल्यासारखा खाली यायचा. पंपावर थांबल्याशिवाय गत्यंतरच नसे.

आजारी घोड्याच्या बाबतीत तर हे थांबणं जिवावरचं काम. घोड्याचं पोट दुखायला लागलं की त्याला आडवं पडून लोळावंसं वाटतं, आणि लोळला की आतडी पिळवटायची भीती. गाडी चालू असते तोवर तोल सांभाळायच्या नादात तो चार पायांवर उभा राहतो. गाडी थांबली, की बसायला बघतो.

स्वारीच्या शाळेत एक ठेंगणं, तपकिरी तट्टू होतं. गावातलं प्रत्येक पोर घोड्यावर पहिल्यांदा बसलं ते त्याच्याच पाठीवर. त्याचं पोट धरलं तेव्हा काकू त्याला घेऊन निघाल्या. पंपावर पोचल्या तर ट्रकची ही रांग. ट्रकवाल्यांनी माणुसकी दाखवून त्यांना पुढे घेतलं, पण वीज गेलेली, पंप बंद. काकू खिडकीतून हात घालून तट्टूचं तोंड वर धरून उभ्या राहिल्या, "उभा राहा रे सोन्या, उभा राहा" म्हणत. वीज आली तोवर ते आडवं झालं होतं. ते पुन्हा उठलं नाही.

काकू परत आल्या, ट्रेलर आतून-बाहेरून धुतला, पुसून कोरडा केला आणि दोन दिवस एकही खेप घेतली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला त्यांनी कप खाली ठेवला.

"अहो, मला गाडीला मोठी टाकी हवी आहे. मधे न थांबता माळ पार होईल एवढी."

काका म्हणाले, "कॅनमध्ये डिझेल भरून ने की मागे."

"कॅन ओतायला थांबावंच लागतं ना? आणि त्या वासाने घोडी बिथरतात. नाही. थांबणंच नको."

काकूंनी एकदा असं 'नाही' म्हटलं की पुढे बोलण्यात अर्थ नसतो, हे काका लग्नाच्या वर्षीच शिकले होते. त्यांनी फक्त विचारलं, "कोण करून देईल?"

गावाच्या कडेला एक टाकीवाला होता. पाण्याच्या टाक्या, दुधाच्या टाक्या, धुराडी, जे काही पत्र्याचं आणि पोकळ असेल ते तो बनवायचा. आयुष्यभर पत्रा ठोकून त्याचे कान थोडे गेले होते, त्यामुळे जगालाच कमी ऐकू येतं अशा समजुतीने तो प्रत्येकाशी ओरडून बोलायचा. काकू कारखान्याच्या दारात पिकअप लावून उतरल्या तेव्हा तो एका प्रचंड पिंपाच्या आत बसून काम करत होता आणि बाहेर फक्त त्याचे बूट दिसत होते.

"वहिनी!" तो आतूनच ओरडला. "गाडीच्या आवाजावरून ओळखलं! मागच्या हौद्यात टाकून देऊ टाकी! केबिनच्या मागे! उद्या घेऊन जा!"

"हौद्यात नको."

"का नको? सगळे हौद्यातच बसवतात!"

"हौद्यात माझा चारा असतो, पाणी असतं, खोगिरं असतात. आणि ट्रेलरच्या दांड्याचा भार आधीच मागच्या चाकांवर येतो. त्यावर आणखी भरलेली टाकी ठेवली तर गाडीचं नाक आभाळाकडे जाईल. मला ती खाली हवी. जुनी काढायची आणि तिच्या जागी लांबट, मोठी बसवायची."

टाकीवाला पिंपातून बाहेर आला. काकूंनी हौद्यातून पुठ्ठ्याची एक भलीमोठी पेटी काढली. काकांच्या दुकानात भिंतीवरची घड्याळं ज्या खोक्यांतून येत ती खोकी कापून, चिकटवून त्यांनी हव्या त्या आकाराची टाकीच बनवून आणली होती. तिच्या अंगावर सगळीकडे 'हे वर ठेवा' आणि 'जपून हाताळा' असं छापलेलं.

टाकीवाल्याने ती बोटाने वाजवून पाहिली. "बरी आहे. पण गळेल!"

दोघंही पाठीवर झोपून गाडीखाली सरकले. पुठ्ठ्याची टाकी वर लावून बघितली तर पुढे, बाजूला सगळीकडे कशी अगदी चपखल बसली. काकूंचा चेहरा खुलला. टाकीवाला मात्र मागच्या कोपऱ्यावर बोट फिरवत राहिला.

"हा कोपरा जाणार," तो म्हणाला, आणि चक्क हळू आवाजात म्हणाला. "आत्ता गाडी मोकळी आहे. ट्रेलर जोडून खड्ड्यात आपटली की मागची चाकं फिरवणारा हा दांडा वर येतो. या कोपऱ्याला घासला की संपलं."

"मग माझं डिझेल कमी होईल."

"थोडं कमी होईल. पण जेवढं भराल तेवढं टाकीतच राहील!"

काकूंनी खिशातून कात्री काढली आणि पडल्या-पडल्याच तो कोपरा कापला. हरलेलं त्यांना कबूल करायला वेळ लागत नसे, फक्त समोरच्याचं म्हणणं पटायला हवं. पुढे टाकीवाल्याने आत भोकं पाडलेल्या पत्र्यांच्या आडव्या भिंती घालायचं सुचवलं. म्हणजे वळणावर एवढं डिझेल एकदम एका बाजूला धावणार नाही, भोकाभोकांतून सावकाश जाईल. हे तर काकूंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुमच्या घोड्यांना वळणावर तोल जातो ना? डिझेलचाही जातो!" टाकीवाला ओरडला.

टाकी तयार झाली तेव्हा जुनीच्या दुप्पट डिझेल घेणारी होती. जाड पत्र्याची, काळा रंग दिलेली, रबराच्या पट्ट्यांवर टेकवून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. गाडी तपासणाऱ्या साहेबांनी खाली वाकून, टॉर्च मारून, दोनदा उठाबशा काढून मंजुरीचा शिक्का दिला.

राहिला होता काटा. जुन्या टाकीतला तरंगता गोळा नव्या टाकीत बसवला, तर निम्मी टाकी भरलेली असतानाच काटा 'संपलं' म्हणून मोकळा होऊ लागला.

"खोटं बोलणारं घड्याळ मी घरात ठेवत नाही," काका म्हणाले, "आणि हा तर तुझा जीव ज्याच्यावर अवलंबून, तो काटा."

त्यांनी दुकानाला 'बंद'ची पाटी लावली, गोळ्याची तार टेबलावर घेतली आणि केसाएवढी-केसाएवढी वाकवत बसले. मग अंगणात गाडी उभी करून काकू एकेक डबा डिझेल ओतत आणि काका ड्रायव्हरच्या जागेवर, डोळ्याला भिंग, हातात सगळ्यात बारीक कुंचला, काट्याच्या तबकडीवर खूण करत.

"ओत."

"ओतलं."

"थांब, हलू देऊ नकोस. आता ओत."

शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, "काका, गाडीचं ऑपरेशन चाललंय का?" काकांनी मान वर केली नाही. संध्याकाळपर्यंत तबकडीवर पांढऱ्या रेघांची अशी सुरेख ओळ उमटली की काकू नुसत्या बघतच राहिल्या. तळाशी एक लाल रेघ होती. "इथे आलीस की मात्र हट्ट करायचा नाही," काका म्हणाले.

काकूंनी मोकळा ट्रेलर जोडून गावाभोवती चार चकरा मारल्या. सगळं ठीक वाटलं. टाकीवाला म्हणत होता, अजून थोडे दिवस गाडी माझ्याकडे राहू दे, खडबडीत रस्त्यावर नेऊन बघतो. काकूंना धीर नव्हता. त्या म्हणाल्या, बघायचं ते मी बघेन.

आणि बघायची वेळ लगेचच आली. स्वारीच्या शाळेची काळी घोडी, सगळ्यात उंच आणि सगळ्यात तापट, पहाटे पोटदुखीने लोळायला लागली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या नाकातून नळी घातली, वेदनेचं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, "आतडं अडकलंय. इथे माझ्या हातात काही नाही. आत्ता निघालात तर आशा आहे. आणि वाटेत तिला बसू देऊ नका."

स्वारी शिकवणारे सर काकूंच्या शेजारी येऊन बसले. एरवी रुबाबदार मिशांवर हात फिरवणारा हा माणूस त्या दिवशी नखं खात होता. काकूंनी टाकी काठोकाठ भरली होतीच. उजाडता-उजाडता गाडी माळाला लागली.

"काकू, पोचू ना आपण?"

"सर, तुम्ही घोड्यावर बसायला शिकवता तेव्हा पोरांना काय सांगता?"

"पुढे बघा म्हणून."

"मग बघा पुढे."

निम्मी वाट कशी गेली कळलंही नाही. मागे घोडीचे खूर वाजत होते, म्हणजे ती उभी होती. पंप आला. आजही रांग होतीच. काकूंनी हॉर्न वाजवला आणि गाडी तशीच पुढे काढली. काटा काकांच्या मधल्या रेघेच्या थोडा वरच होता. सर मागे वळून त्या रांगेकडे बघत राहिले. त्या तट्टूवर त्यांचाही जीव होता.

पंप मागे पडून बराच वेळ झाला आणि गाडीने दम टाकायला सुरुवात केली. आधी वाटलं चढ असेल. पण रस्ता तर सपाट. काकूंनी गिअर उतरवला. गाडी पुन्हा ओढायला लागली, पुन्हा ढेपाळली. खालून कुठूनतरी 'टण्ण' असा आवाज आला, रिकामा डबा मुठीत दाबावा तसा.

"डिझेल संपलं?" सरांचा आवाज चिरकला.

"संपलेलं नाही," काकू म्हणाल्या. काट्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. तो ज्याने बसवला त्याच्यावर तर त्याहून. मग डिझेल आहे, आणि तरी इंजिनाला मिळत नाही. आणि टाकी वाजते. टाकी का वाजेल? भरताना वाजली नाही, रिकामी होताना वाजते. काकूंना पोरं आठवली, बसमध्ये ज्यूसचा पुडा नळीने असा ओढायची की पुडा आत चिकटायचा. डिझेल बाहेर जातंय आणि त्याच्या जागी हवाच आत येत नाही.

"सर, मी गाडी थांबवते आहे. तुम्ही उतरून धावत घोडीपाशी जा. खिडकीतून तिचं तोंड वर धरा, बोला तिच्याशी, ओरडा, गाणं म्हणा, काय वाटेल ते करा. पण ती बसता कामा नये."

"पण तुम्हाला किती वेळ..."

"धावा!"

गाडी थांबली. काकूंनी इंजिन चालूच ठेवलं, चाकांखाली दगड सरकवले आणि टाकीचं झाकण फिरवलं. 'फुस्स्' करून टाकीने एवढा मोठा श्वास घेतला की काकूंच्या हाताखालचं झाकण खेचलं गेलं. इंजिनाचा आवाज लगेच मोकळा झाला. निदान बरोबर होतं. पण झाकण उघडं ठेवून माळावरून जायचं म्हणजे धूळ आत जाणार आणि खड्ड्याखड्ड्याला डिझेल बाहेर. काकू पदर खोचून गाडीखाली शिरल्या. हवा आत घेणारी रबरी नळी टाकीच्या वरून येत होती आणि हौद्याच्या तळाशी एका पट्टीखाली चपटी झाली होती. टाकी काठोकाठ भरल्यावर भाराने रबरात बसली, थोडी सरकली, आणि नळी चिमटली गेली.

मागे घोडीने लाथ घातली. सगळा ट्रेलर हादरला. सर मोठमोठ्याने शाळेतले पाढे म्हणत होते. बहुधा दुसरं काही सुचलं नसावं.

"काकू, पुढचे गुडघे वाकवतेय ती!"

"वाकवू देऊ नका!"

काकूंनी पट्टीच्या अलीकडे नळी चाकूने कापली. मोकळं टोक जमेल तितकं वर वळवलं, घोड्याच्या दोराच्या तुकड्याने चौकटीला बांधलं आणि त्यावर हातरुमालाची एक पातळ घडी लावली, हवा जाईल पण धूळ जाणार नाही अशी. झाकण घट्ट केलं. दगड काढले. "बसा सर!"

गाडी हलली आणि आत घोडी धडपडत सरळ झाली. खुरांचा आवाज आला, एक, मग दुसरा. सरांनी डोळे मिटून घेतले. काकूंच्या कोपरापासून डिझेल ठिबकत होतं, पाठीला सगळा माळ चिकटला होता, आणि गाडी अशी धावत होती की जणू आत्ताच दारातून निघाली आहे.

"पाढे कितीपर्यंत येतात तुम्हाला?" बऱ्याच वेळाने काकूंनी विचारलं.

"तेरापर्यंत," सर डोळे न उघडताच म्हणाले. "तेराचा निम्मा."

रुग्णालयाच्या फाटकातून काकू आत शिरल्या तेव्हा काटा अजून लाल रेघेच्या वर होता. घोडी स्वतःच्या पायांनी उतरली. तिला लगेच आत नेलं. काकू आणि सर बाहेर बाकावर बसून राहिले. सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. ते म्हणाले, वेळेवर आणलंत, आणि उभी आणलीत. सरांनी काकूंचा डिझेलने माखलेला हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

परत आल्यावर टाकीवाल्याने कापलेली नळी पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"माझी चूक, वहिनी! नळी बाहेरून न्यायला हवी होती!"

"तुमची अर्धी. तुम्ही थोडे दिवस ठेवा म्हणत होतात, मीच ओढून नेली."

नवी नळी त्याने लोखंडी आवरणातून, चौकटीच्या बाहेरच्या अंगाने घेतली. मग टाकी काठोकाठ भरून, ट्रेलरमध्ये वाळूची पोती घालून दोघांनी गाडी खडबडीत रस्त्यावर दिवसभर पिटाळली. या वेळी काकूंनी एकदाही घाई केली नाही.

त्या खेपेनंतर काकूंच्या फोनला उसंत राहिली नाही. माळाच्या पलीकडचे, त्याच्याही पलीकडचे तबेले बोलवू लागले. टाकी कितीही लांब जायला तयार होती. आता पंचाईत वेगळीच झाली. एका लांबच्या खेपेहून काकू परत आल्या त्या सोफ्यावर बसल्या आणि चपला पायात तशाच ठेवून झोपल्या. काकांनी दुसऱ्या दिवशी स्पष्टच सांगितलं, "गाडीची टाकी मोठी केलीस, तुझी काही कुणी मोठी केलेली नाही. बरोबर दुसरं माणूस हवं."

दुसरं माणूस घरातच निघालं. काकांची धाकटी बहीण, पोस्टातून नुकतीच निवृत्त झालेली. मोटार तिला उत्तम येत होती. घोड्यांची तिला भीती वाटत नव्हती. पोस्टात माणसांच्या तक्रारी ऐकून ऐकून तिला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती. प्रश्न फक्त ट्रेलर मागे घ्यायचा. ट्रेलर जोडलेली गाडी मागे घेताना स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, आणि उजवीकडे फिरवलं की डावीकडे. भले भले ड्रायव्हर इथे हात टेकतात.

रविवारी सकाळी स्वारीच्या शाळेच्या मैदानात रिकामी पिंपं मांडली आणि नणंद-भावजय गाडीत बसल्या.

"वहिनी, हा उलटाच जातो!"

"उलटाच जाणार. तुझा भाऊ आठव. त्याला जे करायला सांगशील त्याच्या नेमकं उलट करतो ना? तसंच हाताळ."

नणंदेने क्षणभर विचार केला, दोन्ही हात स्टेअरिंगच्या तळाशी धरले आणि सावकाश फिरवलं. ट्रेलर थरथरला, वळला, आणि दोन पिंपांच्या मधून अलगद मागे सरकला. काळ्या घोडीला फिरवायला घेऊन आलेले सर कुंपणावर रेलून टाळ्या वाजवू लागले.

"परत," काकू म्हणाल्या. "आणि आता आरशात बघून."